मार्क थिसिसला मिळतात, संशोधनाला नाही

एका रिसर्च मास्टर्सच्या, म्हणजे मुख्यतः संशोधनावर चालणाऱ्या मास्टर्स डिग्रीच्या, व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसले होते, त्याला आता बरेच दिवस झाले पण ती मुलगी काही डोक्यातून जात नाही. विषय साधा आणि छान होता, वाचताना महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या तर मजकूर जास्त लक्षात राहतो का. थिसिस दीडशे पानांचा, बांधणी सुबक, निष्कर्ष असा की फरक पडतो, पण फक्त सावकाश वाचणाऱ्या मुलींमधे. मला ते वाक्य खटकलं. सावकाश वाचणाऱ्याच का, आणि मुलीच का? सुरुवातीच्या प्रकरणांत तर असं काही अपेक्षित असल्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी विचारलं, हे तू आधी ठरवलं होतंस का? ती जरा थांबली आणि मग खरं बोलली. पहिल्या प्रयोगात प्रश्नच इतके सोपे होते की सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले, त्यामुळे काहीच कळेना. दुसऱ्यात प्रश्न अवघड केले तर निम्म्या लोकांनी अर्ध्यावर सोडून दिलं. तिसरा प्रयोग व्यवस्थित झाला आणि त्यात काहीच फरक दिसला नाही. मग तिने गट पाडून पाडून बघितलं आणि शेवटी एका गटात फरक सापडला, तोच निष्कर्ष म्हणून गेला. आधीचे दोन प्रयोग कुठेत विचारलं तर म्हणाली, "काढून टाकले मॅडम, सर म्हणाले फसलेलं लिहिलं तर मार्क जातील."

तिच्या सरांना वाईट म्हणायचं नाहीये मला. माझ्यासमोर जो मार्कांचा तक्ता होता त्यात 'निष्कर्ष आणि त्यांचं महत्त्व' याला सगळ्यात जास्त मार्क होते आणि 'चूक कशी ओळखली, काय बदललं' याला रकानाच नव्हता. म्हणजे सर जे म्हणाले ते त्या तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर होतं. त्या मुलीने संशोधन म्हणून जे जे खरंखुरं केलं, ते सगळं तिने काढून टाकलं, आणि जे करायला नको होतं तेवढं ठेवलं, आणि पद्धत अशी की त्याचेच मार्क मिळतात.

हे का चूक आहे ते थोडं आकड्यात सांगते. संख्याशास्त्रात आपण साधारण ०.०५ ची रेघ मारतो, म्हणजे मुळात काही फरक नसतानाही शंभरात पाच वेळा योगायोगाने फरक दिसू शकतो हे आपण मान्य केलेलं असतं. एकदाच तपासलं तर ठीक. पण तोच डेटा वेगवेगळे गट पाडून वीस वेळा तपासला, आणि त्या तपासण्या एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर एकदा तरी खोटा फरक सापडण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. म्हणजे न सापडणंच अवघड. हे प्रत्येक रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात असतं, त्या मुलीने त्याच्यावर टीपही लिहिली असणार परीक्षेत, पाच मार्कांची. आणि तरी स्वतःच्या डेटापाशी आल्यावर नेमकं तेच केलं, कारण शिकवलं एक होतं आणि मोजलं जाणार होतं दुसरंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. रिसर्च मास्टर्समधे आपण शिकवतो म्हणतो संशोधन, पण मार्क देतो शेवटच्या बांधलेल्या थिसिसला, आणि जोवर हे बदलत नाही तोवर बाकीच्या सगळ्या सुधारणा म्हणजे नुसते कागदी घोडे.

आता ही डिग्री सगळीकडे सारखी नाही हे खरंय. ब्रिटनमधे एमरेस नावाची डिग्री नव्वदच्या दशकात आली, पीएचडीच्या आधी एक वर्ष संशोधनाची तयारी म्हणून. तिथे मास्टर्सचे १८० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम धरतात, म्हणजे १८०० तास, आणि एमरेसमधे त्यातला मोठा वाटा प्रोजेक्टला जातो. नेदरलँड्समधे रिसर्च मास्टर दोन वर्षांची, १२० युरोपियन क्रेडिटची, नेहमीच्या मास्टर्सपेक्षा वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या पात्रता चौकटीत तर लिहूनच ठेवलंय की संशोधनाच्या मास्टर्समधे कमीत कमी दोन तृतीयांश काम संशोधन, त्याचं प्रशिक्षण आणि स्वतंत्र अभ्यास यातच गेलं पाहिजे. भारतात एम.फिल. होती, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती बंद करायचं ठरलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरमधे यूजीसीच्या नियमांनी ती बंदच केली, आणि दोन वर्षांच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष पूर्ण संशोधनाला देता येईल अशी कल्पना त्याच धोरणात मांडली आहे. वर्षं वेगळी, क्रेडिट वेगळे, नावं वेगळी. पण कुठेही गेलं तरी शेवटी टेबलावर एक जाडजूड दस्तऐवज येतो आणि परीक्षक तो वाचून ठरवतो की ह्या माणसाला संशोधन येतं की नाही.

आधी शिकवण्याबद्दल बोलते. रिसर्च मेथडॉलॉजी हा पेपर बहुतेक ठिकाणी व्याख्यांचा असतो. हायपोथिसिसचे प्रकार, सॅम्पलिंगचे प्रकार, प्राथमिक साधनं दुय्यम साधनं, प्रश्नावलीचे फायदे तोटे, आणि मग लेखी परीक्षा. म्हणजे पोहण्याचा तास फळ्यावर घ्यायचा, परीक्षाही फळ्यावरच, आणि पुढच्या सेमिस्टरला ढकलायचं थेट खोल पाण्यात. मग मुलं गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्याचा थिसिस आणतात, त्याची प्रकरणं बघतात आणि त्याच साच्यात आपला विषय ओततात. त्यांचं काय चुकलं? आम्ही त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नसतं.

संशोधन ही कारागिरी आहे, ती कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावी लागते. हे काही मी नवीन सांगत नाहीये. लीबिग हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मधे गीसेनच्या विद्यापीठात गेला आणि त्याने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने विश्लेषण करायला लावलं, तिथे तयार झालेली माणसं पुढे युरोपभर रसायनशास्त्र शिकवायला गेली. इतिहासात बर्लिनला रांके विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मूळ कागदपत्रं वाचायचा, हा कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, आजचं सेमिनार म्हणतात ते त्याच परंपरेतून आलेलं. दोन्हीकडे गुरु काम करताना दिसायचा, चुकताना दिसायचा. आज कितीतरी मुलांना त्यांचा गाईड प्रत्यक्ष संशोधन करताना एकदाही दिसत नाही, दिसतो तो मसुद्यावर लाल पेनाने खुणा करताना.

मला विचाराल तर पहिलं सेमिस्टर एका गोष्टीला द्यावं, आधी कोणीतरी केलेला एक अभ्यास घ्यायचा आणि तो जसाच्या तसा पुन्हा करून बघायचा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण करायला घेतलं की डोळे उघडतात. मूळ पेपरमधे दोन ओळीत उरकलेली पद्धत करायला बसलं की पंचवीस प्रश्न पडतात, सॅम्पल कुठून आणलं, अपुरी उत्तरं टाकली की ठेवली, मोजमाप कोणी केलं. आणि उत्तर तेच येईल याची खात्री नसते. मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून बघण्याचा मोठा प्रकल्प २०१५ मधे 'सायन्स'मधे छापून आला, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक परिणाम दिसला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. हे वाचून मुलांना सांगणं वेगळं आणि स्वतः तीन महिने घालवून ते अनुभवणं वेगळं. साहित्य किंवा इतिहासाच्या मुलाने प्रयोग कुठला करायचा, तर त्याने एका गाजलेल्या लेखातल्या सगळ्या तळटीपा उघडून मूळ संदर्भ बघावेत, तिथे खरंच तेच लिहिलंय का जे लेखक म्हणतोय. मी हे करून घेतलेलं आहे. चाळीसातल्या सहा तळटीपा भलत्याच जागी नेणाऱ्या निघाल्या आणि त्या दिवसानंतर त्या मुलाची वाचायची रीतच बदलली.

पण शिकवणं कितीही सुधारलं तरी घोडं पेंड खातं ते मूल्यमापनापाशी. मुलं मूर्ख नसतात, जिथे मार्क तिथे ती मेहनत घेणार. थिसिस हा कामाचा शेवटचा, धुतलेला, इस्त्री केलेला कपडा असतो, परीक्षकाला त्यात शिवण दिसत नाही. निर्णय कोणी घेतला, विद्यार्थ्याने की गाईडने? विषय त्याला सुचला की प्रोजेक्टमधला उरलेला तुकडा त्याच्या हातात दिला? लॅबमधे चार जण मिळून काम करतात तेव्हा हा डेटा कोणाचा? थिसिसमधून यातलं काही कळत नाही. लिटरेचर रिव्ह्यूची, म्हणजे त्या विषयावर आधी झालेल्या कामाच्या आढाव्याची, साठ पानं असतात, त्यातली कोणती पाच पुस्तकं त्याने खरंच वाचली हे ओळखायला मला दहा मिनिटं समोरासमोर बोलावं लागतं, साठ पानं वाचून ते कळत नाही.

आणि आता तर तो दस्तऐवज पुरावा म्हणूनसुद्धा लंगडा झालाय. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरच्या शेवटी आलं आणि बघता बघता नीट, शुद्ध, मुद्देसूद वाटणारा मजकूर कोणालाही मिळायला लागला. त्याच्यावर उपाय म्हणून संस्था काय करतात तर आणखी एक सॉफ्टवेअर. प्लेजरिझमचा टक्का दहाच्या खाली आणा म्हणजे झालं. अहो पण ते सॉफ्टवेअर फक्त दुसऱ्या मजकुराशी शब्द जुळतात का ते बघतं, विचार कोणाचा हे त्याला काय कळणार? शब्द फिरवून फिरवून टक्का खाली आणणारी मुलं मी पाहिलीत, ते आठवडेच्या आठवडे त्यांनी त्यांच्या प्रश्नावर घालवले असते तर. यंत्राची मदत घेऊ नका असं माझं म्हणणंच नाही, घ्या, फक्त मग लिहिलेल्या मजकुरावरून माणसाचं संशोधन जोखायची आपली जुनी सवय सोडायला लागेल.

मग जोखायचं कशावरून? मी तीन ठिकाणी मार्क ठेवीन आणि थिसिसला उरलेले देईन.

सगळ्यात आधी, डेटा गोळा करण्यापूर्वीचा आराखडा. आजही सिनॉप्सिस असतो पण तो मंजुरीचा सोपस्कार, त्याला मार्क नाहीत, कोणी परत उघडून बघत नाही. त्याला भरपूर मार्क द्यावेत आणि ते तेव्हाच द्यावेत, निकाल हातात यायच्या आधी. जर्नलांनी हे करून दाखवलंय. 'कॉर्टेक्स' या जर्नलने २०१३ मधे अशी पद्धत सुरू केली की आधी प्रश्न आणि पद्धत पाठवा, आम्ही तपासू, पटलं तर निकाल काहीही आला तरी छापू, फक्त ठरवलंय तसं करा. पुढे कितीतरी जर्नलांनी ती उचलली. मोठ्या संशोधकांनासुद्धा निकालाच्या मोहातून सोडवायला ही सोय लागते, आणि आपण बावीस तेवीस वर्षांच्या मुलांकडून अपेक्षा करतो की त्यांनी मार्क पणाला लावून 'काहीच सापडलं नाही' असं लिहावं. काही न सापडण्याचीही किंमत असते हो. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ मधे ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्या माध्यमातून जातो असं तेव्हा मानत त्याचा, वारा मोजायला घेतला, अपेक्षेप्रमाणे काही मिळालंच नाही, आणि भौतिकशास्त्रातला तो सगळ्यात महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक ठरला, कारण प्रयोग इतका काळजीपूर्वक केला होता की 'नाही' या उत्तरावर विश्वास ठेवणं भाग पडलं. आमच्या त्या तक्त्यात त्यांना 'निष्कर्ष आणि महत्त्व'खाली किती मार्क पडले असते?

दुसरं, रोजची वही. लॅबमधे ती असतेच, पण समाजशास्त्राच्या, साहित्याच्या मुलानेही ठेवावी, आज काय केलं, काय ठरवलं, का ठरवलं, काय फसलं, तारखेसकट. परीक्षकाने सगळी वाचायची गरज नाही, मधलीच चार पानं उघडावीत आणि त्यावर विचारावं. ही वही मागाहून बनवता येईल असं कोणी म्हणेल. येईल, पण बनवलेल्या वहीवर पंधरा मिनिटं उत्तरं देणं फार जड जातं, मी बघितलंय.

आणि तिसरं, व्हायवा, तोही खरा. सगळीकडे तो नसतोच, कितीतरी ठिकाणी मास्टर्सचा थिसिस नुसता वाचून मार्क दिले जातात, आणि जिथे असतो तिथे वीस मिनिटांचं स्लाइड शो, दोन प्रश्न, एक कौतुक, संपलं. मला हवाय तो तासाभराचा, ज्यात विद्यार्थ्याच्या निर्णयांवर बोलणं होईल. हाच प्रश्न का, ही पद्धत का, सॅम्पल दुप्पट मिळालं असतं तर काय बदललं असतं, तुझ्याच निष्कर्षाविरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता. या शेवटच्या प्रश्नावर ज्याचा चेहरा उजळतो त्याला संशोधन येतं, असा माझा अनुभव आहे.

यावर आक्षेप येतात आणि त्यातले काही खरे आहेत. तोंडी परीक्षेत बोलघेवडी मुलं पुढे जातात, घाबरणारी, किंवा परीक्षेची भाषा घरात न बोलणारी मागे पडतात. हे मला सगळ्यात जास्त टोचतं कारण ते होतंच, मीही अडखळणाऱ्याला कमी मार्क देऊन नंतर त्याचं काम परत बघून चुकल्याचं कबूल केलेलं आहे. म्हणून निम्मे प्रश्न दोन दिवस आधी द्यावेत, त्याला हव्या त्या भाषेत बोलू द्यावं, वही समोर उघडी ठेवू द्यावी. पाठांतर तपासायचंच नाहीये तर प्रश्न गुप्त ठेवून काय मिळवायचं? यानेही पूर्ण सुटत नाही, पण थिसिसही काही सगळ्यांना समान संधी देत नाही, ज्याच्याकडे भाषा सुधारून देणारा माणूस आहे त्याचा थिसिस चांगला दिसतो, एवढंच की तो अन्याय डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा आक्षेप, अपयशाला मार्क दिले तर आळशी मुलं त्याच्या आड लपतील. नाही लपणार, कारण मार्क अपयशाला द्यायचेच नाहीत, ते कसं ओळखलं आणि मग काय केलं याला द्यायचे. ज्याने काही केलंच नाही त्याच्या वहीत काय असणार? उलट आजच्या पद्धतीत आळशी माणूस लपायला जास्त जागा आहे, दीडशे पानं आहेत ना.

गाईडने मार्क द्यावेत का हा मोठा वादाचा मुद्दा. काम जवळून फक्त त्यानेच बघितलेलं असतं, पण विद्यार्थ्याचं काम म्हणजे अर्धं त्याचंही काम असतं, त्याच्या प्रोजेक्टचा डेटा असतो, त्याचा पेपर निघणार असतो. ऑस्ट्रेलियात नियमच आहे की संशोधनाशी संबंध नसलेले किमान दोन परीक्षक हवेत आणि त्यातला एक तरी संस्थेबाहेरचा. मला हे पटतं. गाईडने मार्क देऊ नयेत, पण लेखी द्यावं, विद्यार्थ्याने स्वतः काय केलं आणि मी काय सुचवलं, आणि विद्यार्थ्यानेही तेच लिहावं. दोन्ही कागद परीक्षकाकडे जावेत. मोठी जर्नलं आता लेखकांना कामातला वाटा चौदा प्रकारच्या भूमिकांत फोडून सांगायला लावतात, कल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, विश्लेषण कोणी केलं, मजकूर कोणी लिहिला. मास्टर्सच्या थिसिसमधे पहिल्या पानावर आभार असतात, देवाचे, आईवडिलांचे, गाईडचे, आणि हे एक पान नसतं.

राहता राहिला वेळ. एवढं सगळं करायला परीक्षकांना वेळ कुठून आणायचा? थिसिस लहान करा. दीडशे पानं का हवीत कोणाला? एका चांगल्या जर्नल पेपराएवढा, तीस चाळीस पानांचा पुरे. लिटरेचर रिव्ह्यूची साठ पानं, जी कोणी वाचत नाही आणि जी लिहिताना मुलाचे तीन महिने जातात, ती गेली की मुलाचाही वेळ वाचतो आणि परीक्षकाचाही. एक वर्षाच्या डिग्रीत तर हे फारच गरजेचं आहे, माणसांवर अभ्यास असेल तर एथिक्स कमिटीच्या परवानगीतच कितीतरी आठवडे जातात, मग डेटाला दीड महिना आणि लिहायला चार, असं उलटं गणित होतं. १८०० तासांच्या कामाला परीक्षकाने एक तास बोलायला दिला तर तो जास्त नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. व्हायवा संपल्यावर ती बाहेर थांबली होती, हातात एक साधी वही. त्यात पहिल्या दोन प्रयोगांचं सगळं होतं, कोणता प्रश्न का फार सोपा निघाला, कोणत्या पानावर लोक कंटाळून उठले, पुढच्या वेळी काय बदलायचं, बारीक अक्षरात, तारखा घालून. त्या दीडशे पानांत इतकं चांगलं एकही पान नव्हतं. तिने विचारलं, "मॅडम, हे आता परत घालता येईल का?" मी ऑफिसात जाऊन विचारून आले. तिथल्या नियमाप्रमाणे व्हायवानंतर फक्त शुद्धलेखनाच्या आणि संदर्भांच्या दुरुस्त्या चालत होत्या, नवीन मजकूर घालता येत नव्हता. तिने वही पिशवीत ठेवली. आमच्या तक्त्याप्रमाणे तिला बऱ्यापैकी मार्क पडले होते, सगळ्यात जास्त निष्कर्षाच्या रकान्यात.